दोन नळ्यांचा वास

शेवटच्या वर्षाला सरांनी प्रयोगशाळेत दोन नळ्या ठेवल्या होत्या. दोन्हींत दूध आणि विरजणात असतात तसले जिवाणू. एकीत मिथिओनिन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल जास्तीचं घातलं होतं. जिवाणू ते फोडतात आणि त्यातून शिजलेल्या कोबीसारखा वास सुटतो. चीजमध्ये तो किंचित हवा असतो. नळी ओळखणाऱ्यांची नावं सर बोईसरच्या एका डेअरीत प्रशिक्षणासाठी पाठवणार होते. मला ते प्रशिक्षण हवं होतं. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. पुढे काय करायचं, हे विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

मी दोन्ही नळ्या हुंगल्या. काहीच नाही.

"अगं, नाक घरी ठेवून आलीस का?" शेजारची मैत्रीण तोंडावर ओढणी धरून म्हणाली.

"दांडीच्या कोळीवाड्यातली ना ती," मागून कोणीतरी, "तिला हे अत्तर वाटत असेल!"

सगळे हसले. मीही हसले असेन.

"घरी मासळी वाळवता?" सरांनी विचारलं.

"हो. बोंबील. दारातच."

सुक्या मासळीतही असे गंधकाचे वास असतात, ते म्हणाले. सतत असले की नाक त्यांची दखल घेत नाही. "थोडे दिवस दुसरीकडे राहा. मग परत बघू."

मी आमच्याच तालुक्यातल्या माहीमला मावशीकडे गेले. तिचं घर वाडीत, केळींच्या मधे. जेवले, झोपले, तिथूनच कॉलेजला गेले. पुढच्या आठवड्यात दुसरी नळी नाकाशी धरली आणि वास भपकन आला. मी बोट दाखवलं. "बरोबर," सर म्हणाले आणि माझंही नाव लिहिलं. आनंद व्हायला हवा होता. मी नळ्या धुवायला नेल्या.

संध्याकाळी दांडीला गेले आणि दारातच थांबले. वास भिंतींना होता, गोधडीला होता, आईच्या पदराला होता. जन्मापासून राहत होते त्या घराचा वास मला पहिल्यांदा आला.

"काय गो, अशी का उभी?"

"काय नाय."

जेवताना मी तोंडाने श्वास घेत होते. डेअरीचं सांगितलं. मावशीकडेच राहीन म्हणाले.

"पण बोईसर इथनं जवळ हाय. माहीमवरनं लांब पडंल."

"हो."

"मंग?"

आईने आणखी भात वाढला. मग माझे धुतलेले कपडे तिनेच घड्या घालून पिशवीत भरले. मावशीकडे पोचल्यावर मी ते सगळे पुन्हा धुतले.