चंद्रीने भिंत चाटली त्याची गोष्ट

गुरांच्या डॉक्टरकडे किस्से आपोआप साठतात. पेशंट बोलत नाही आणि त्याची माणसं सगळी एकदम बोलतात! कल्याणला खाडीकडे बळीरामदादांचा तबेला आहे. तिथल्या चंद्री म्हशीचे किस्से तर मित्र फर्माईश करून ऐकतात.

•

चंद्री व्यायली आणि थोड्याच दिवसांत खाणं सोडून भिंत चाटायला लागली. भिंत झाली, खुंटा झाला, साखळी झाली. तोंडाला लाळ, मधेच जोरात रेकायची. दादांचा फोन आला, "डॉक्टर, लवकर या, चंद्री येडी झाली." पिसाळली असेल तर लाळेतूनच धोका. मी म्हटलं, "येतोय, तोवर तोंडाला हात लावू नका." पलीकडून हळूच, "कोपरापर्यंत घातलाय."

•

मी त्यांना आधी सरकारी दवाखान्यात पिटाळलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुत्रा चावला?"

"नाय, म्हैस."

"म्हैस चावली?"

"नाय वो, मीच तिचे तोंडान हात घातला. मना वाटला, आंब्याची कोय अडकली."

बाईंनी सुई भरता भरता विचारलं, "निघाली?"

•

चंद्रीच्या चिकाचा खरवस समोरच्या सोसायटीत वाटलेला. तिथले सेक्रेटरी, रिटायर्ड बँकवाले, त्यांचा मला फोन. "डॉक्टर, आम्ही सर्वांनी खाल्ला. कोणती लक्षणं पाहायची?"

"काका, वाफवलेल्याला काही होत नाही."

"तरीसुद्धा?"

मी वैतागून म्हणालो, "कुणी भिंत चाटतंय का बघा."

"थांबा, विचारून सांगतो," म्हणाले.

•

माझा संशय वेगळा होता. भरपूर दूध देणाऱ्या म्हशीच्या अंगातली साखर व्याल्यावर कधी कधी इतकी उतरते की डोक्यावर परिणाम होतो. लघवीची टेस्टही तेच सांगत होती. पण पिसाळलेलं जनावरही असंच दिसतं, छातीवर हात ठेवून कोण सांगणार? मी हातमोजे चढवून शिरेतून ग्लुकोज लावलं. "काहीही होवो, सुया पुऱ्या करायच्या," असं दादांना बजावलं.

तेवढ्यात दादांच्या बायकोने, वहिनींनी, मला बाजूला घेतलं. "हे सकालपासून पानी नाय पीत. ग्लास पाहिला का तोंड फिरवतान."

रेबीजचं हेच तर लक्षण, माणूस पाण्याला घाबरतो. लक्षणं एका दिवसात येत नाहीत हे मला पाठ आहे, तरी मी हातमोजे पुन्हा ओढून घट्ट केले. मी दादांना विचारलं, पाणी का नाही?

दादा चंद्रीकडे बघत म्हणाले, "पिऊन बघितला आनि उतरलाच नाय तर? म्हनून बघितलाच नाय."

ग्लुकोज संपलं. थोड्या वेळाने चंद्रीने भिंत सोडली, मान झटकली. वहिनींनी पुढे बादली सरकवली. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. चंद्रीने तोंड घातलं आणि घटाघटा प्यायला लागली.

दादांनी अर्धी बादली तिच्या तोंडाखालून ओढली, उचलली आणि तोंडाला लावली. मी "अहो दादा, अहो" करेपर्यंत रिकामी. मिशा पुसत वहिनींना म्हणाले, "अजून आन."