किसंगानीच्या चर्चच्या पायरीवर

आमचं येळ्ळूर गाव सोडताना दाराला कुलूप लावलं. उंबऱ्याजवळ बायकोची चप्पल होती, ती तशीच राहू दिली. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणाली, "दिलपा भेटला की त्याला शिव्या घालू नकोस."

"त्यासाठीच तर निघालोय," मी म्हटलं.

दिलीप माझा एकुलता एक मुलगा. आफ्रिकेत काँगो देशात, किसंगानी शहरात दुकान सांभाळतो. त्याची आई गेली तेव्हा तो आला नाही. विमान मिळालं नाही म्हणाला. अग्नी पुतण्यानं दिला. त्यानंतर मी त्याचा फोन उचलला नाही. शेवटी त्यानं तिकीटच पाठवलं.

मी चार इयत्ता शिकलेला गवंडी. विमानातून ढग ओल्या गिलाव्यासारखे दिसले, हात फिरवावासा वाटला. डुलकी लागली की शेजारच्या खुर्चीत ती बसलेली असायची. जाग आली की तिथं परका माणूस. दोन विमानं बदलली, पण तेवढं काही बदललं नाही.

किसंगानीत उतरलो तर तांबडी माती आणि आमच्याकडच्या जांबोटीसारखं रान, फक्त संपतच नाही असं. नदी एवढी रुंद की पलीकडचा काठ धुक्यात विरघळतो. होड्या पाण्यावर होत्या की हवेत, सांगता येत नव्हतं.

दिलीपनं ताट वाढलं. भात आणि पोंडू (कसावा नावाच्या झाडाच्या पाल्याची, ताडाच्या तेलातली भाजी). माठाची भाजी समजून खाल्ली, बरी लागली.

"आप्पा, अजून घ्या की."

"तुझी आई गेली त्या दिवशी पोटभर जेवलास काय रं?"

तो उठून आत गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

दुकानासमोर चर्च होतं. दिवसभर बाकड्यावर बसून मी त्याची भिंत बघायचो. अक्षर मला जेमतेम वाचता येतं, भिंत चांगली वाचता येते. मधे मातीच्या विटांचं लहान चर्च आणि त्याच्याभोवती छातीएवढी आलेली नवी, भाजक्या विटांची भिंत. घराच्या पोटात घर.

चर्चमधली सगळ्यात म्हातारी बाई दुकानात मीठ न्यायला आली. तिला सगळे मामा (आई) म्हणत. मामा म्हटल्यावर मला मिशा आठवल्या, हसू आलं. दिलीप मधे बसून दोघांचं बोलणं सांगत गेला.

"आधी आम्ही सहा माणसं होतो, आंब्याखाली," ती म्हणाली. "मग गवताचं छप्पर. मग मातीची खोली. माणसं मावेनात. खोली पाडली असती तर रविवारी बसायचं कुठं? म्हणून भोवतीनं मोठी भिंत घेतली, वर पत्रा घातला, मगच आतली पाडली. तिच्या विटा दारातून बाहेर नेल्या. आता पुन्हा तेच चाललंय. जो येतो तो डोक्यावर एक वीट आणतो."

"ओळंबा न्हाय लावला. भिंत वाकडी हाय," मी सांगितलं.

दिलीपला ते सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. म्हातारी खो खो हसली. "वाकडी आहे. पण माणसं मावतात. तू रविवारी ये."

रविवारी गेलो. पायरीवर वहाणा काढल्या आणि आत शिरलो. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका गात होत्या. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली आल्या होत्या, त्यांत धूळ तरंगत होती. मी झोपेत चाललोय असं वाटलं. एकेक माणूस माझ्या पायांकडे बघून गप्प झालं. गाणं थांबलं.

"आप्पा, वहाणा का काढल्यासा?" दिलीप कुजबुजला.

"देवाच्या दारात न्हाय काढायच्या तर कुठं काढायच्या?"

"इथं सगळे घालूनच बसतात. ज्याचं माणूस गेलंय तोच अनवाणी येतो. मामा विचारतीया, कोण गेलं? चुकून काढल्या म्हणून सांगू?"

"खोटं कशाला? गेलीच की."

त्यानं सांगितलं. मामा जवळ आली, काहीतरी बोलली.

"नाव विचारतीया, आप्पा. तुम्हीच घ्यायचं असतं."

लग्नातल्या उखाण्यानंतर मी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत. अगं, ऐकलंस का, यावरच संसार झाला.

"शेवंता," मी म्हटलं.

सगळं चर्च म्हणालं, "शेवंता." तीनदा म्हणालं. एवढ्या लांब, जिथं तिचं पाऊल कधी पडलं नाही, तिथं तिला हाक गेली. कुणीतरी ओ देईल म्हणून मी खरंच दाराकडे बघितलं. दिलीप माझ्याजवळून उठून दारात गेला होता. खाली बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. त्यानं बूट पायरीवर माझ्या वहाणांशेजारी ठेवले आणि आत येऊन लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, पहिल्यांदा.

नंतर म्हणाला, "त्या दिवशी मी नदीवर जाऊन डोकं भादरलं, आप्पा. अंघोळ केली. एकट्यानंच."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही फोन उचलत नव्हतासा."

दुसऱ्या दिवशी दोरीला दगड बांधून ओळंबा केला आणि नव्या भिंतीवर गेलो. दिलीप दुकानातून सुटला की विटा हाताशी द्यायचा. निघेपर्यंत आम्ही एक कोपरा उचलला. त्या चर्चमध्ये तेवढाच कोपरा सरळ आहे.

घरी आलो तर आक्का दारात. "घातल्यास शिव्या?"

"न्हाय. मलाच बसल्या."

माझ्या वहाणांना तिथली तांबडी माती होती. त्या शेवंताच्या चपलेशेजारी काढून ठेवल्या.

"ती चप्पल आता तरी काढ रं," आक्का म्हणाली.

वर्षश्राद्धाला दिलीप येतो म्हणालाय. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो, मी उचलतो. चप्पल मात्र अजून तिथंच आहे. बाहेरची भिंत पुरी उभी राहीपर्यंत आतली पाडायची नसते, हे मी तिकडं बघून आलोय.