तीस मीटरांचा फलक आणि साळूबाईचा दोर

दिनांक ११ मे १९९५, गुरुवार, सकाळी सुमारे साडेअकरा. पारनेर तालुक्यातील उंबरझिरे या गावी, झऱ्याच्या काठावर उभे राहून, एका सर्वेक्षण अधिकाऱ्याने पायाचा अंगठाही न भिजवता पाण्याखालची गुहा मोजली. त्या मोजणीमुळे गावाचे पाणी अर्ध्यावर आले. तक्रार एवढीच आहे.

त्या गुहेत आजवर उतरलेले माणूस एकच, साळूबाई रंगनाथ ठुबे. लहानपणी बापाने पाठीला सुका भोपळा बांधून तिला विहिरीत ढकलले; भोपळा फुटला, पोरगी तरली. लग्न होऊन ती उंबरझिऱ्यास आली त्याच वर्षी सासूचा हंडा झऱ्यात पडला. सासू कपाळाला हात लावून बसली. नवी सून कासोटा घट्ट करून आत शिरली आणि हंड्याबरोबर शेजारणीची तीन वर्षांपूर्वी हरवलेली कळशीही घेऊन आली. ती कळशी जावेनेच चोरली म्हणून शेजारणीने जावेशी अबोला धरला होता. तो आता सोडावा लागला. याबद्दल त्या दोघींनी साळूबाईला अद्याप क्षमा केलेली नाही.

तेव्हापासून दरवर्षी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी साळूबाई गुहा साफ करी. तिच्या कमरेला दोर, दोराचे टोक काठावरच्या नवऱ्याच्या मुठीत. एक हिसका म्हणजे दोर सोडा, दोन म्हणजे ओढा. रंगनाथ कर्तव्यदक्ष गडी. तंबाखू मळायची झाली तर दोर पायाच्या अंगठ्यात धरी. गुहेचे तोंड दीड परस, म्हणजे दीड पुरुष खोल. आत लांबी सात हात. टोकाला मनगटाएवढी भेग, आणि तिच्यातून पाणी. भेगेतला गाळ आणि पाला निघाला की झरा वर्षभर वाहे.

त्या गुरुवारी सर्वेक्षणाच्या साहेबांनी मोजायच्या फितीला धोंडा बांधून ती पाण्यात सोडली. धोंडा केव्हाच तळाला टेकला होता. साहेब मात्र सरपंच काकासाहेबांशी पोह्यांविषयी बोलत बोलत फीत सोडतच राहिले. तीस मीटर संपले, टोक हातातून निसटले, आणि साहेबांनी वहीत लिहिले, ‘खोली तीस मीटरहून अधिक.’

साळूबाईने बुडी मारली आणि सगळी फीत गळ्यात हारासारखी घालून वर आली.

“सायेब, ह्यो समदा गुंता दारातच पडला हुता. धोंडा दीड परसावर बसलाय.”

“बाई, आकडा वहीत चढला आहे.”

“मग खाली उतरवा की.”

“शाईने लिहिला आहे.”

पावसाळ्यानंतर फलक आला : ‘अथांग गुहा. खोली तीस मीटरहून अधिक. उतरण्यास सक्त मनाई.’ गावाची छाती फुगली. शेजारच्या गावचा झरा जेमतेम दोन परसांचा. लोक टेम्पो करून उंबरझिऱ्याचा पाहायला येऊ लागले. पुढच्या पाडव्याला साळूबाई दोर घेऊन निघाली, तर काकासाहेबांनी तिला वाटेतच अडवले.

“आक्का, सात हात म्हनल्यावर कोन यील बघाया? गावाची इज्जत हाय तीस मीटरची.”

“इज्जत हंड्यात भरून दावा मला, काकासाहेब. गाळ बसला तर पानी आटंल.”

“लेखी परवानगी आन, मग उतर.”

साळूबाईने सर्वेक्षण कार्यालयाला द्यायचा अर्ज आमच्याकडून, म्हणजे ही तक्रार लिहिणाऱ्याकडून, लिहून घेतला. उत्तर चार महिन्यांनी आले : ‘सदर गुहेत मनुष्य उतरू शकत नसल्याने अर्जदार यापूर्वी उतरल्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.’ हे तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मग ती कळशी कुनी काढली हुती?”

दोन पाडवे गेले. झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. जिथे हंडा गप्पा संपायच्या आत भरे, तिथे आता बायका हंडा लावून घरी जातात आणि भाकरी थापून परत येतात. शेवटी साळूबाईने ठरवले, मनाई असो वा नसो, उतरायचे. दोर काढला, नवऱ्यापुढे टाकला. रंगनाथने हात मागे घेतला.

“तीस मीटर हाय म्हनत्यात. येवडा दोर कुटं हाय आपल्याकडं?”

“अवो, बावीस वर्सं दोर तुमीच धरला न्हवं? किती सुटायचा?”

“धा-बारा हात. पर तवा लिवल्यालं नव्हतं. आता लिवलंय, त्याचं भ्या वाटतंय.”

सख्खा नवरा बावीस वर्षांचा आपला हात विसरला आणि पत्र्यावरच्या रंगावर विश्वास ठेवून बसला. मग गावाला काय बोलावे? गावात दुसरा कोणी दोर धरायला तयार नाही, आणि दोराशिवाय त्या भेगेशी जाणे म्हणजे जिवाशी खेळ, हे साळूबाई जाणते. आमच्या खांद्याचे हाड निखळलेले आहे. अन्यथा आम्हीच धरला असता.

म्हणून वाचकहो, सहानुभूतीची पत्रे नकोत. येत्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता उंबरझिऱ्यास या. फलक वाचू नका. दोर धरा.