खिशातला झेंडा

ध्वजदिनाचे झेंडे आमच्या घरी दरवर्षी खाकी कागदाच्या पुडीत यायचे. सैनिकांच्या मदतीसाठी डिसेंबरात लोकांच्या छातीवर लावतात ते बोटभर कागदी झेंडे. लाल, गडद निळा आणि आकाशी असे तीन उभे पट्टे. एक भूदलाचा, एक नौदलाचा, एक हवाई दलाचा. आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मानवतला आले, तेव्हा त्यांनी कचेरीत जाऊन हे काम स्वतः मागून घेतलं. मग तहसीलचा कोतवाल ती पुडी आमच्या ओट्यावर आणून ठेवू लागला. झेंडे लोकांना लावायचे, सोबतच्या डब्यात ज्याला जे टाकायचं ते टाकू द्यायचं आणि डबा कचेरीत पोचता करायचा, एवढंच काम. गावात यांना सगळे फौजीसायब म्हणत. हवालदाराला कोणी सायब म्हणत नाही, हे यांना ठाऊक होतं, पण गावाला दुरुस्त करायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

यंदा श्रावणात हे गेले. लढाईत नाही, बर्फात नाही. साध्या तापाचं निमित्त झालं आणि परभणीच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणावं लागलं.

मी मूळची वालूरची. आमच्या शाळेत झेंडा लावणं म्हणजे प्रार्थनेआधीची एक शिक्षा होती. गुरुजी एका हातात छडी आणि दुसऱ्या हातात टाचण्यांची डबी घेऊन रांगेतून फिरत. मुलांच्या सदऱ्याला ते स्वतः टाचत, मुलींच्या हातात देत. हे कशासाठी, असं कोणी विचारलं तर म्हणत, "देशासाठी." देश हा परभणीला राहतो अशी माझी समजूत होती, कारण तपासणीचे साहेब तिथूनच येत. दुपारच्या सुट्टीपर्यंत निम्मे झेंडे कंपासपेटीत गेलेले असत आणि उरलेले बैलांच्या शिंगांवरच्या गोंड्यांत. त्या दिवशी वालूरचे बैल वालूरच्या माणसांपेक्षा जास्त देशभक्त दिसत.

पुढे मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, तेव्हा टाचणी जाऊन मागे डिंक लावलेले झेंडे आले होते. ते छातीवर टिकत नसत, पण कपाटावर पक्के बसत. आमच्या ग्रंथालयात एक अजून आहे. इतिहासाच्या कपाटावर नाही, पाककृतींच्या. आणि आता तर झेंड्याला शरीराची गरजच उरलेली नाही. भाच्यापासून विहिणीपर्यंत सगळे सकाळी उठून फोनच्या स्टेटसला सैनिकाचं चित्र लावतात. टाचणी टोचत नाही, सदरा फाटत नाही आणि दुसऱ्या दिवशी ते आपोआप उतरतं. आठवण ठेवण्याची इतकी सोयीची पद्धत आधीच्या पिढ्यांना सुचली नाही, याचं मला वाईट वाटतं.

यांना स्टेटस मान्य नव्हतं आणि डिंकही; हे प्रत्येक झेंडा टाचणीनंच लावत. झेंडा अंगावर पाहिजे, एवढं एकच यांचं म्हणणं. सुरुवातीला हे डबा घेऊन मोंढ्याच्या बाजारात जात. "फौजीसायब यायलेत," अशी वर्दी आधीच पोचलेली असे आणि कापसाच्या आडतीवरच्या निम्म्या लोकांना त्याच घटकेला फोन येत. उरलेले झेंडा घेत, कपाळाला लावत आणि खिशात घालत. हे घरी येऊन म्हणत, "आपल्या गावात सगळ्यात जास्त देशप्रेम खिशात आहे."

मग यांना युक्ती सापडली. आपल्याकडे लग्नात पाहुण्यांना टोपी आणि टॉवेलचा आहेर करतात. टोपी घालणाऱ्याचा हात खाली येण्याआधी ती डोक्यावरून उतरते, घडी होऊन पिशवीत जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर चढते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. डिसेंबर म्हणजे लग्नाचे दिवस. हे मांडवात सरळ आहेराच्या ढिगाशेजारी जाऊन बसत आणि गप्पा मारता मारता एकेका टोपीला झेंडा टाचून ठेवत. पाहुण्यांच्या डोक्यावर झेंडा चढलेला असे आणि त्यांना पत्ता नसे. पण टोप्यांबरोबर झेंडेही गावोगाव फिरू लागले. एकदा ऐन वैशाखात पोखर्णीच्या एका लग्नात यांनाच आहेराची टोपी मिळाली, तिला यांनीच लावलेला झेंडा होता, उन्हानं फिका पडलेला. घरी येताना एसटीत हे तो न्याहाळत बसले. "कुठं कुठं जाऊन आला असेल," म्हणाले. बदलीवरून परतलेल्या जुन्या सोबत्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहत होते.

स्वतः मात्र यांनी कधी झेंडा लावला नाही. मी एकदाच विचारलं. म्हणाले, "मी आलो ना घरी. जे आले नाहीत त्यांच्यासाठी असतो तो." आणि भाकरी गरम आहे का, असं विचारलं.

यंदा पुडी लवकर आली. घरात दिवाळी नव्हतीच. पहिल्या वर्षी करत नाहीत, म्हणून शेजारपाजारच्यांनी फराळ आणून दिला होता आणि त्यांचे डबे परत करायचे राहिले होते. कोतवाल ओट्याखालीच उभा राहिला.

"मॅडम, हे सायबांच्या नावानं आलंय. कचेरीत कोणी कळवलं न्हाई का?"

"नाही कळवलं."

"मग परत न्यायचं का? तुमी सांगा. परत गेली का मग पुढल्या सालापासून नाव कटतं. आमच्याकडं तसंच हाय."

माझे दीर शेजारच्याच घरात राहतात, कापसाच्या जिनिंगवर मुकादम आहेत. ते तिथूनच म्हणाले, "ने बाबा परत. वहिनीला कुठं बाजारात पाठवायचं आता."

त्यांच्या म्हणण्यात काळजीच होती. मी आयुष्यभर पुस्तकं दिली-घेतली, तीही हलक्या आवाजात. पण यांच्या नावानं दारात येणारी दुसरी कुठलीच वस्तू आता उरली नव्हती. पेन्शनवर माझं नाव चढलं होतं, यांचा फोन बंद केला होता. ही पुडी संपवून दाखवली तरच पुढच्या वर्षी परत येणार होती. मी ती उचलून घेतली. हातपाय धुवून परत यावं इतक्या वेळात दिरांनी तीन वेळा "बघा बुवा" म्हटलं.

बाजारात माझ्याबरोबर या दिरांची बायको, माझी धाकटी जाऊ आली. माझ्या वाट्याचंही तीच बोलते, अशी आमच्या घरातली जुनी वाटणी आहे. मी दुकानापुढे उभी राहून हळू आवाजात ध्वजदिन समजावून सांगे. माणूस ऐकून घेई, फौजीसायबांची आठवण काढून दोनदा चुकचुके आणि झेंडा खिशात घाली.

"अक्का," जाऊ म्हणाली, "तुमी असं पुस्तक वाचल्यावाणी सांगत ऱ्हायलात तर पुडी शिमग्यापर्यंत पुरते."

एका जुन्या ओळखीच्या आडत्यापुढे मी टाचणी काढली तेव्हा ते अर्धं पाऊल मागे सरले. "वहिनी, हातात द्या की, मी लावून घेतो." माणूस चांगला, त्यांची नजर छपराकडे गेली होती. विधवेच्या हातचं छातीला नको, हे त्यांनी म्हटलं नाही, मीही ऐकलं नाही. जावेनं दोन्ही केलं.

"दादा, टाचणीला इचारलं का, ती सवाशीण हाय का न्हाई?"

शेजारचे हमाल हसले. आडतेही हसले, कान लाल करून पुढे आले आणि छाती काढून उभे राहिले. "लावा वहिनी. टोचू नका म्हंजे झालं."

तो एकच झेंडा त्या दिवशी डोळ्यांदेखत छातीवर राहिला. बाकीचे खिशात गेले, आणि त्यामागे निराळंच कारण होतं ते मला नंतर कळलं. नगरपालिकेची निवडणूक लागली होती. गावात जो तो दुसऱ्याच्या गळ्यातलं उपरणं आणि गाडीवरचा रंग बघून बोलत होता. अशा दिवसांत लाल आणि निळ्या पट्ट्यांचं काहीतरी घेऊन एक बाई दुकानोदुकानी हात जोडत हिंडते आहे. आमचा वॉर्ड त्यातून महिलांसाठी राखीव. गावानं सरळ हिशेब केला.

दोन दिवसांनी संध्याकाळी दोन गृहस्थ घरी आले, एकाच्या हातात शाल, दुसऱ्याच्या हातात नारळ. शालवाले आमच्या वॉर्डातल्या उमेदवारबाईंचे पती होते. उमेदवारबाईंना अजून कोणी पाहिलेलं नव्हतं. फलकावरही पतीचाच फोटो मोठा होता.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्याबद्दल आमाला लय आदर हाय."

"आदर हाय तर बसा की," जाऊ आतून म्हणाली. "उभ्यानं कशाला करायलात?"

ते बसले. बराच वेळ शालीची घडी नीट करत राहिले.

"फौजीसायब म्हंजे गावाचा माणूस. त्यांच्या माघारी तुमी उभ्या ऱ्हायल्यात तर लोक डोळे झाकून मतं देतेन. आमी काय म्हणणार? फक्त इनंती हाय, अर्ज भरू नका. पुढल्या टायमाला आमीच तुमाला उभं करू."

"मी कुठं उभी राहिले?" मी विचारलं.

"मग हे चिन्ह?" त्यांनी खिशातून चार घड्या झालेला झेंडा काढून समोर ठेवला.

मी पुन्हा पहिल्यापासून ध्वजदिन सांगितला. नारळवाले गृहस्थ मध्येच म्हणाले, "थांबा, थांबा. सायब लग्नात टोपीला लावायचे ते हेच का? माझ्या घरी दोन टोप्या हायेत तसल्या."

"तेच."

"मग आधी सांगायचं की मोकळं."

"अक्का तेच सांगायल्यात किती दिस," जाऊ चहा घेऊन आली. "तुमाला निवडणुकीबिगर काई ऐकूच यायलं न्हाई."

उमेदवारबाईंच्या पतींच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. आणलेली शाल परत नेणं बरं दिसेना, म्हणून ती त्यांनी जावेच्या हातात दिली. मग जाताना, बहुधा सुटल्याच्या आनंदात, म्हणाले, "लावा मॅडम एक मला. चांगला कडक लावा."

मी त्यांना आणि नारळवाल्यांना झेंडा टाचला. दोघं तसेच मोंढ्यातून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या पार्टीची माणसं दारात हजर. "त्यांनाच का दिले? आमी काय देशाचे न्हाईत का?" मी त्यांना टाचले. मग त्यांच्या कार्यकर्त्यांना, मग कार्यकर्त्यांच्या भावांना. एक अपक्ष होते, ते मोटारसायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत; छाती खिडकीशी आणली आणि लावून घेऊन गेले. डब्यातही प्रत्येकजण दुसऱ्याला दिसेल असा हात वर करून टाकत होता.

या घाईत मी प्रत्येकाला अर्थ सांगत होते, तरी तो वाटेत बदलत गेला. भाजीबाजारात जावेनं कानांनी ऐकलं. एकजण दुसऱ्याला विचारत होता, "हे काय लावलंय?" आणि तो सांगत होता, "फौजीसायबाची मॅडम उभी न्हाई. त्याचं हाय हे."

मला आधी वाईट वाटलं. इतकी वर्षं यांनी ज्या गोष्टीसाठी मांडवामांडवांत पाय दुखवले, ती माझ्या उमेदवारी नसण्याचं चिन्ह होऊन बसली होती. रात्री जेवताना मी जावेला म्हटलं तसं.

"अक्का, टोपी घालणाऱ्याला तरी कुठं ठावं होतं?" ती म्हणाली. "भावजी कधी इचारत होते का, का लावला म्हणून? लावला का, येवढंच बघायचे."

हे खरं होतं. वालूरला आम्ही छडीसाठी लावला होता. मला या गावाकडून यांनी कधी मागितलं नव्हतं ते हवं होतं.

ध्वजदिनाच्या सकाळी मी बाजारात उगाचच गेले. दोन्ही पार्ट्यांची माणसं एकाच हॉटेलात चहा पीत होती आणि रंगारंगावरून एकमेकांकडे न बघणारी ती सगळी माणसं छातीवर एकच कागद लावून बसली होती. त्यातला एकजण दुसऱ्याला विचारत होता, सियाचीन किती लांब असेल. दुसऱ्याला ते माहीत नव्हतं. पण त्यानं विचार केला, बशीतला चहा निवेपर्यंत. मी घरी आले.

पुडीत एकही झेंडा उरला नाही. दुपारी कोतवाल डबा न्यायला आला. मी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. तो डबा हलवून बघत म्हणाला, "आं, यंदा तर लवकर उरकलं. मॅडम, मग आता पुढल्या सालची पुडी कोणाच्या नावानं पाठवायची? तुमचं नाव सांगू का कचेरीत?"

मी उत्तर जुळवत होते. माझं नाव द्यायला हरकत नव्हती, रीत तीच होती. पण मग पुडीवरचं यांचं नाव जाणार होतं. मग जावेनंच भाकरीचा हात न धुता बाहेर येऊन सांगितलं.

"नाव तेच ऱ्हाऊ दे. ते घरी नसले तरी आमी हाओत की घ्यायला."

कोतवालानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "बरं," तो म्हणाला, आणि डबा काखेत मारून सायकलकडे गेला.