लालबागच्या कातळावरची वेल

पुण्याचा माणूस मुंबईला निघाला की घरचे त्याला आघाडीवर चालल्यासारखा निरोप देतात. मलाही तसाच मिळाला. दादरच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, शेजारच्या बाई लगेच झोपल्या, आणि लोणावळा येईपर्यंत मला एकच प्रश्न छळत राहिला: लालबागमधली एक वेल मासे कशी खाते?

प्रश्न वेडगळ आहे, म्हणून आधी खुलासा करते. मी प्रयोगशाळेत काम करते. पानाची पूड यंत्रात जाळायची आणि तिच्यातल्या नत्राचे अणू तोलायचे, हा माझा धंदा. हे अणू हलके आणि किंचित जड अशा दोन तऱ्हांचे असतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून झाड कशावर जगतंय याचा अंदाज येतो. पावसावर आणि खडकातल्या मातीवर जगणाऱ्या वेलीत जड नत्र बेताचं असतं. समुद्रात मात्र मोठा मासा लहान माशाला खात जातो, आणि तसतसं ते साठत जातं.

आता, लालबागच्या एका बंद गिरणीमागच्या कातळावर कंदीलपुष्पाची वेल सापडली होती. सह्याद्रीतसुद्धा हल्ली ती शोधावी लागते. वेल तिथली मूळची ठरली, तर कातळाला कोणी हात लावायचा नाही. कोणी जोपासलेली ठरली, तर ती उपटून कुंडीत लावायची आणि कातळ फोडून मोटारींसाठी तळघर करायचं. ठरवायला एक समिती होती. समितीने पाकिटातून पानं पाठवली, आणि माझ्या यंत्राच्या मते ही वेल जवळजवळ सुरमई होती. यंत्र पुन्हा तपासलं, आकडा हटेना. मग मीच निघाले.

दादरला उतरून टॅक्सीवाल्याला गिरणीचं नाव सांगितलं. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

"मिल का नाम मत बोलो मॅडम. टॉवर का नाम बोलो."

टॉवर अजून उभा राहायचा आहे म्हटल्यावर त्याने मला अंदाजाने मसाल्याच्या दुकानांपाशी सोडलं. मिरची कुटणाऱ्या यंत्रांनी तिथे माझं स्वागत केलं. शिंकत शिंकत पत्ता विचारणाऱ्या बाईला लोक पटकन वाट दाखवतात, हे मी त्या दिवशी शिकले.

गिरणीच्या दारात तात्या बसले होते. गिरणी संपाआधी ते इथेच साचेखात्यात (कापड विणण्याच्या खात्यात) होते. संपानंतर गिरणीने त्यांना आत घेतलं नाही. आता त्याच दारात मालकाने त्यांना वॉचमन म्हणून बसवलं होतं, कोणी आत येऊ नये म्हणून. असा विनोद फक्त मालकांनाच सुचतो.

"सांभाळून या मॅडम, काचा आहेत," तात्या म्हणाले. काचांतून मी वाचले, पण गंजक्या सळईत अडकून चपलेचा अंगठा तुटला.

वेल मात्र सुरेख होती. गिरणीला खेटून असलेल्या चाळीच्या मागच्या भिंतीलगत काळा कातळ, त्याच्या फटीतून निघालेली बारीक वेल आणि तिला टांगलेले बोटाएवढे हिरवट कंदील. मी गुडघ्यांवर बसून पान खुडणार, तेवढ्यात वरून बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर आलं. खवल्यांसकट.

"अगो बाय माझे!" वरच्या गॅलरीतून आवाज आला. "खाली कोण इला?"

त्या तात्यांच्या पत्नी, वत्सलाकाकी. संपात घरात पगार येईना, तेव्हा त्यांनी खानावळ काढली, ती अजून चालू होती. त्यांनी मला वर नेलं, डोक्यावर गरम पाणी ओतलं, स्वतःचं लुगडं नेसवलं आणि समोर बांगड्याचं तिखलं (झणझणीत रस्सा), भात आणि सोलकढी वाढली. मी खवल्यांचं विचारलं.

"गावाक आमी माशाचा पाणी माडाच्या मुळात वततो. हय माड खय? म्हणान त्या येलीक." (गावी आम्ही माशाचं पाणी माडाच्या मुळाशी ओततो. इथे माड कुठे? म्हणून त्या वेलीला.) "श्रावणात तिका उपास. गणपती गेले की परत चालू."

"वेल तुम्ही लावलीत?"

"मी कशाक लावतलंय? ती आधीपासून होती. एकटीच होती गो."

मला इतका आनंद झाला की मी भात दुसऱ्यांदा मागितला. कोडं सुटलं होतं. वेल कातळाचीच होती, वरून फक्त काकींचं प्रेम सांडत होतं. जेवून मी पुन्हा खाली गेले आणि कातळाच्या पार टोकाला, काकींना वरून न दिसणाऱ्या आणि बादली न पोचणाऱ्या फटीत तशीच दुसरी वेल सापडली, तिचं पान घेतलं. ते पावसावर जगणारं निघालं की समितीचं तोंड बंद.

संध्याकाळी समिती भरली, ती फ्लॅट विकण्याच्या वातानुकूलित कचेरीत. मध्ये पुठ्ठ्याचा टॉवर आणि त्याच्या पायाशी हिरव्या स्पंजची झाडं. काकींच्या लुगड्यात, केसांना माशाचा वास घेऊन, मी सगळी हकिकत उत्साहाने सांगितली. टॉवर बांधणाऱ्या कंपनीचे सल्लागार हळूहळू पुढे झुकले. त्यांचा चेहरा खुलत गेला.

"म्हणजे मॅडम, माणसं हिला खायला घालतात?"

"हो, पण लावलेली नाही. दुसऱ्या वेलीचं पान आणलंय. आठ दिवस द्या."

"सिंपल आहे. रोज कोणीतरी खायला घालतं, म्हणजे गार्डन प्लांट. तुमचाच आकडा आहे." त्यांनी माझ्याच तक्त्यावर बोट ठेवलं. बाकीच्यांनी काजू खात माना हलवल्या. मी आवाज चढवला, तेव्हा कोणीतरी खिडकी उघडायला सांगितलं.

तात्यांना मी गिरणीच्या दारातच निकाल सांगितला. "संपानंतर आम्हालाही हेच विचारलं होतं मॅडम," ते म्हणाले. "मूळचे कुठले? गावी जमीन आहे ना? मग जा की." काकींना त्यांनी काय सांगितलं, मला ठाऊक नाही. मला चिडून रडू येत होतं, आणि परतीच्या बसमध्ये शेजारचे गृहस्थ वासामुळे मागच्या सीटवर जाऊन बसले. इतका अपमान मी आकड्यांसाठी कधी सोसला नव्हता.

दुसऱ्या वेलीचं पान स्वच्छ निघालं. पावसावर, कातळावर, स्वतःच्या बळावर जगणारं. मी तसं कळवलं, पण तोवर कातळ फुटला होता.

काही आठवड्यांनी सल्लागारांचा फोन आला. वेल कचेरीतल्या कुंडीत लावली होती, पानं पिवळी पडत होती. "खत कुठलं द्यायचं?"

"माशाचं पाणी," मी म्हणाले.

पलीकडे त्यांनी कोणाला तरी विचारलं. मग ते म्हणाले, "मॅडम, दुसरं काही सांगा ना. आमचं प्रोजेक्ट प्युअर व्हेज आहे."

काकींना मी हे कळवलेलं नाही. त्या सरळ बादली घेऊन निघतील, आणि कातळ फुटताच नोकरी गेलेले तात्या आता त्यांना आत सोडायला दारात नाहीत.