तिया रेमेयच्या माश्या आणि संत्र्यातली बी

रोज सकाळी तिया रेमेय दारातल्या खुर्चीत बसून एक संत्रं सोलायची. अंगठ्याचं नख देठाशी रोवून साल एका सलग वळणात उतरवायची, खिडकीच्या गजावर वाळत टाकायची, आणि मग एकेक फोड उन्हासमोर धरायची. आत बी असली की गरात सावली दिसते. सावली दिसली की तिचा चेहरा उतरायचा. नाही दिसली की फोड तोंडात.

स्पेनमधल्या आमच्या बुरियानाकडच्या संत्र्यात बी असून चालत नाही. बाहेरचा व्यापारी नाक मुरडतो. आणि फुलोऱ्यात मधमाशी दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग घेऊन आली की बी धरते. गावात मधपेट्या फक्त तियाच्या. नवऱ्यामागे तिला उरलं ते घर आणि त्या पेट्या. ती माश्यांशी बोलायची, बहुतेक वेळा तक्रारीच.

त्या वर्षी बी फार निघाली. तियाचा धाकटा दीर बातिस्त आमच्या सहकारी संस्थेचा चेअरमन. त्यानं सरळ ठराव मांडला: फुलोऱ्याआधी पेट्या डोंगरापलीकडे न्यायच्या. तियाचे गुडघे डोंगर चढणारे नव्हते. पेट्या तिकडे गेल्या म्हणजे विकल्यातच जमा.

"माश्यांना कुंपण घालू का, बातिस्त?"

"नाहीतर वाचायला शिकव. मी पाटी लावतो."

मतदानाच्या आधी शहरातून गेमा नावाची मुलगी एमआरआय यंत्र घेऊन आली. दवाखान्यात माणसाला आत सरकवतात तसलंच, पण फळापुरतं लहान. न कापता आतली बी दिसते, असं तिचं म्हणणं. बीवाली फळं वेगळी निघाली तर ती इथल्या बाजारात खपली असती, आणि माश्यांना हाकलायचं कारणच उरलं नसतं. म्हणून तिया उजाडताच संस्थेच्या शेडमध्ये येऊन बसली. मी हंगामात तिथं फळं भरायला जायचे, त्यामुळे मीही होते.

"आत मोठा चुंबक आहे. लोखंडाचं काही जवळ नको," गेमा म्हणाली. किल्ल्या, चाकू बाहेरच्या टेबलावर जमले. बातिस्तला कमरेचा पट्टाही काढावा लागला. पुढचा सगळा वाद त्यानं एका हातात विजार धरूनच घातला.

पडद्यावर एकेक संत्रं करड्या रंगात उमटू लागलं. फोडींचं चाक, मध्येच कुठे काळा ठिपका.

"हे तर मी रोज उन्हात बघते," तिया पुढे झुकून म्हणाली. "हिला सोलावं लागत नाही, एवढंच."

ठिपकेवाली फळं डाव्या क्रेटमध्ये, बिनठिपक्यांची उजव्या. नंतर सगळ्यांसमोर कापून बघायची, असं ठरलं.

पण तेवढ्यात न्याहारीची वेळ झाली, आणि न्याहारीला आमच्याकडे जग थांबतं. पाव, अंड्याची पोळी, ऑलिव्ह, भुईमुगाच्या शेंगा, सोडा घातलेली वाइन. शेवटी फळ हवंच, म्हणून कुणीतरी हाताशी होता तो क्रेट उचलून आणला. गेमा कॉफी घेऊन परतली तेव्हा तो निम्मा संपला होता.

"अहो, ती तपासायची फळं होती!"

"मग सांगायचं ना, पोरी," एकजण घास गिळत म्हणाला.

तियाचा पुरावा गावानं खाल्ला होता. ती टेबलावरच्या टरफलांच्या ढिगाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "संत्र्याची बी कोणी थुंकली?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणीच थुंकलं नव्हतं. क्रेट उजवा होता.

"आता डावा आणा," तिया म्हणाली.

पहिली फोड बातिस्तनं उचलली. "यंत्रबिंत्र सगळं..." आणि तो थांबला. एक हात विजारीवर, दुसऱ्यात अर्धी फोड.

"थुंक की," तिया म्हणाली.

बशीत टप्प आवाज झाला. मग टेबलभर टपटप, आणि त्यावर हशा.

"एवढ्यानं सिद्ध होतं होय?" बातिस्त पुटपुटला.

"नाही," गेमानं कबूल केलं. "उरलेली कापून बघू."

कापली. उजव्या क्रेटमधल्या एकदोन फळांत यंत्राला बी दिसली नव्हती. बाकी सगळी बरोबर. बातिस्तनं ठराव मागे घेतला, पण एका फुलोऱ्यापुरताच, हे बजावून. पुढे तो ठराव कुणी पुन्हा काढला नाही. बातिस्तला कुणी ऑलिव्हच्या बिया टाकायला बशी दिली तरी टेबल हसायचं.

तियाला मी शेवटची भेटले तेव्हा बागा फुलल्या होत्या, गल्लीगल्लीत तो वास होता. माश्या शांत करायला धूर करायचा डबा मांडीवर घेऊन ती बसली होती. हंगामातलं उरलंसुरलं एक संत्रं तिनं माझ्या हातात दिलं. मी सोललं, माझी साल तुकड्यातुकड्यांतच निघाली. फोड उन्हाकडे धरली, खाल्ली, आणि साल टाकायला उठले.

"टाकू नकोस गं," ती म्हणाली. "गजावर वाळत टाक. पेट्यांपाशी जाताना धुराला लागते."