पाचवीच्या आधीचे दोन थेंब

आशाबाई अंगणवाडीत लागली त्या दिवशी तिच्या सासूनं, तुळजाबाईनं विचारलं होतं, "याच्यात भेटतं काय?" अंगणवाडीवरचे पत्रे वादळात दोनदा उडाले, सवाल काही हलला नाही.

नव्व्याण्णवच्या जानेवारीतला पोलिओचा रविवार. गावातली लेकरं दुपारीच डोस घेऊन गेली. राहिली ऊसतोडीच्या टोळीतली. अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूला त्यांच्या उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी दुसरीकडं हलणार होती.

"आता घरी चल की," तुळजाबाई म्हणाली. "ती लेकरं काय तुझ्या माहेरची हायेत?"

"माहेरची असती तर तुम्ही जाऊ दिलं असतं का?" आशाबाईनं डोसचा बर्फाचा डबा खांद्याला अडकवला.

कोप्यांत सामसूम. लेकरं आईबापासंग उसाच्या गाड्यांवर. मग बाई कारखान्याच्या काट्यावर गेली, तिथं बैलगाड्या वजनासाठी खोळंबतात. उसावरून एकेक लेकरू खाली घ्यायचं, थेंब सोडायचे, बोटाला शाई लावायची.

शेवटी एकच राहिलं, मागं कोपीतलं तीन दिवसांचं बाळ. आशाबाई परत कोप्यांकडं आली तर दारात त्याची आजी गोपिकाबाई आडवी बसलेली.

"पाचवी न्हाई झाली अजून. तवर परका हात लागू द्यायचा न्हाई."

"पाचवी कधी?"

"परवा."

परवा टोळी कुठं अन् आशाबाईचा डबा कुठं! पण पाचवी तिच्याही घरी कडकच पाळायचे. वाद न घालता ती तिथंच मातीत बसली. म्हणाली, "मी हात लावत न्हाई, मावशी. तुमचा तर परका न्हाई ना? बाटली तुम्ही धरा."

गोपिकाबाईनं पदराला हात पुसले. कोयता धरणाऱ्या मुठीत ती एवढीशी बाटली घेतली.

"दाबा. अजून एक. बास, बास! सारी पाजता का?"

बाळानं तोंड वाकडं केलं. शाईसुद्धा आजीनंच लावली, निम्मी स्वतःच्याच बोटाला.

"तुला काय भेटतं गं याचं?" गोपिकाबाई म्हणाली.

आशाबाईला हसू फुटलं. सासू इथंही भेटलीच! "एक जरी लेकरू राह्यलं ना मावशी, तर घास उतरत न्हाई. खोडच हाय माझी."

दिवेलागणीला घरी पोचली तर तुळजाबाई चुलीपुढं. "काय भेटलं?"

"राह्यलं न्हाई कोणी."

आशाबाई हात धुऊन ताटावर बसली. दुसरी भाकर संपली तसं तुळजाबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं, आणि परातीत अजून पीठ ओढलं.